मॅक्वेडबाईंचा रविवार

आजी-आजोबांसाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवायचा, ही कल्पना आपल्याकडे पुष्कळांना हास्यास्पद वाटते. शुभेच्छापत्रे छापणाऱ्या एखाद्या कंपनीच्या डोक्यातून ती निघाली असावी, असा खुद्द अमेरिकेतही समज आहे. खरी गोष्ट अशी, की हा दिवस एका गृहिणीने सरकारकडे भांडून मिळवला. त्यांचे नाव मॅरियन मॅक्वेड. वेस्ट व्हर्जिनियातल्या ओक हिल या गावच्या, आणि पंधरा मुलांच्या आई!

वेस्ट व्हर्जिनिया हा डोंगराळ, कोळशाच्या खाणींचा मुलूख. दुसऱ्या महायुद्धानंतर खाणींत यंत्रे आली, माणसांचे काम गेले, आणि तरुण मंडळी ओहायो-मिशिगनच्या कारखान्यांकडे निघाली. १९५० साली वीस लाखांवर असलेली राज्याची वस्ती १९७०च्या शिरगणतीत साडेसतरा लाखांच्याही खाली आली. मागे राहिली ती बहुतेक म्हातारी माणसे. कोकणातल्या वाचकाला याची अधिक फोड करून सांगायला नको. फरक एवढाच, की आपल्याकडचा म्हातारा ओटीवर बसून वाट पाहतो. तिकडचे कित्येक जण ‘नर्सिंग होम’मधल्या खाटेवरून पाहतात. (आपल्याला या शब्दासरशी बाळंतपण आठवते. तिकडे तो आयुष्याच्या दुसऱ्या टोकाचा आहे.)

बाईंना ही ओढ लागली ती त्यांच्या आजीमुळे. दिवसभर शेतावर राबून झाले, की आजी गावातल्या म्हाताऱ्या बायकांची विचारपूस करायला निघे आणि ही नात तिच्या मागोमाग जाई. पुढे रिचवुडचे संपादक जिम कॉमस्टॉक ऐंशी उलटलेल्यांसाठी मेजवानी भरवत, तिथे बाई मदतीला असत. मग वृद्धांसाठीच्या राज्य समितीवर आणि नर्सिंग होमना परवाने देणाऱ्या मंडळावर त्यांची नेमणूक झाली. अशा मंडळाला खाटा मोजता येतात, स्वयंपाकघर तपासता येते. पण खाटेवरच्या माणसाला भेटायला कोणी येते की नाही, ते कोणत्या रकान्यात लिहायचे?

बाईंच्या मागणीचे मर्म मला इथे दिसते. त्यांना हारतुरे नको होते. नातवंडांनी त्या इमारतींत पाऊल टाकावे, म्हाताऱ्यांच्या जवळ बसावे, जुन्या गोष्टी विचाराव्यात, एवढ्यासाठी त्यांना तो दिवस हवा होता. १९७०मध्ये त्यांनी चळवळ सुरू केली. १९७३ साली गव्हर्नर आर्च मूर यांनी त्यांच्या राज्यापुरता दिवस जाहीर केला, आणि त्याच वर्षी सेनेटर जेनिंग्ज रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनला ठराव मांडला. तो समितीत अडकून पडला! समितीत पडलेल्या कागदाचे काय होते, हे आपल्या देशात कोणाला सांगायला हवे? पण बाई गप्प बसल्या नाहीत. राज्याराज्यांच्या गव्हर्नरांना, लोकप्रतिनिधींना, चर्चना त्यांनी पत्रे धाडली आणि एकेक करून ४३ राज्यांची घोषणापत्रे मिळवली. अखेर १९७९ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांची सही झाली, आणि सप्टेंबरातल्या कामगार दिनानंतरचा पहिला रविवार आजी-आजोबांचा ठरला.

आपण २००७ साली निराळ्या वाटेने गेलो. मातापित्यांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा जो कायदा तेव्हा झाला, त्यात सज्ञान नातवंडांवरही आजी-आजोबांना पोसण्याची जबाबदारी टाकली आहे. न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत पोटगी मिळू शकते. कायदा हवाच, ज्याच्या ताटात अन्न नाही त्याला गप्पागोष्टी सुचवणे क्रूरपणाचे होईल. पण ज्यांची मनीऑर्डर वेळेवर येते आणि माणूस मात्र येत नाही, अशा घरांसाठी आपल्याकडे कोणी सरकारदरबारी पत्रे लिहीत बसले असेल, असे वाटत नाही.

१९८९ मध्ये या दिवसाला दहा वर्षे झाली, तेव्हा अमेरिकन टपाल खात्याने मॅक्वेडबाईंचे चित्र असलेले खास पाकीट काढले. २००८च्या सप्टेंबरात, वयाच्या ९१व्या वर्षी, बाई वारल्या. त्यांना स्वतःला चाळीसवर नातवंडे होती.