पाणी जमिनीत कोठे अडते?

मृग बरसला. शेतात चिखल झाला. पण विहिरीचे पाणी हातभरही चढले नाही. मग माणूस म्हणतो, "एवढे पाणी गेले कुठे?" आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात हा प्रश्न पुष्कळांना पडतो.

कोठे नवी विहीर खणत असतील तर काठावर जाऊन पाहा. वर काळी माती दिसेल. तिच्याखाली मुरूम. त्याखाली मऊसर मांजऱ्या खडक, आणि मग काळा पाषाण. मधे एखादा गेरूसारखा तांबडा पट्टाही लागतो. प्रत्येक थराचा स्वभाव निराळा.

काळ्या मातीचे कण फार बारीक. मुरमाचे खडे मोठे, त्यांतल्या फटीही मोठ्या. आपल्याला वाटते, मोठ्या फटीत पाणी भरकन उतरेल. तसे होत नाही. घरी करून पाहा. एका ताटलीत कोरडी राख घ्या, दुसरीत कोरडे खडे. दोन फडकी भिजवून, पिळून त्यांवर ठेवा. राख ओली होत जाईल. खडे वरून जरा ओलावतील, खालचे कोरडेच राहतील. बारीक फटी पाणी ओढून घेतात. मोठ्या फटींत ती ताकद नाही. म्हणून काळी माती पुरती भिजल्याशिवाय खालच्या मुरमाला पाणी सोडत नाही. उन्हाळ्यातल्या भेगांतून थोडे सरळ खाली जाते खरे, पण माती फुगली की भेगा मिटतात.

पिकाला हे बरेच आहे. रब्बीची ज्वारी याच ओलीवर येते. विहिरीला मात्र थांबावे लागते. मुरमाड रानाचे उलटे. तेथे पाणी लवकर खाली उतरते, आणि जरा उघडीप पडली की पीक माना टाकते.

खाली उतरलेले पाणी पाषाणाशी किंवा गेरूच्या थराशी अडते आणि उताराकडे आडवे चालू लागते. पाषाणाला भेगा असतील तेथेच आणखी खाली जाते. मलिक अंबराने 1610 साली खडकी वसवली, तेच आजचे आपले शहर. त्याची नहर हर्सूलच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत झिरपणारे पाणी गोळा करून भुयारातून शहरात आणी.

विहीर खोल करायला कर्ज काढण्याआधी पाझर कोणत्या थरातून येतो ते पाहावे. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा पाझर मांजऱ्यात होता. खाली अखंड पाषाण. तरी त्याने सुरुंग लावून दहा हात खोल नेली. नवा पाझर लागला नाही. वरून रात्रभर झिरपलेले पाणी साठायला जागा तेवढी मोठी झाली.