पार्ल्याची शाळा आणि पार्लेकरांचा स्वाभिमान

लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी निवर्तले आणि वर्ष पुरे होण्याच्या आत, १९२१ च्या जून महिन्यात, विलेपार्ल्याच्या मंडळींनी त्यांच्या स्मरणार्थ पार्ले टिळक विद्यालय सुरू केले. त्या काळी पार्ले मुंबईच्या हद्दीत नव्हतेच; १९२० साली ठाणे जिल्ह्यातून उपनगर जिल्हा वेगळा काढण्यात आला होता, आणि महानगरपालिकेचा अंमल येथवर येण्यास १९५० साल उजाडले. सकाळच्या गाडीने कोटातील कचेरीत जाणारा आणि दिवेलागणीस पिशवीत भाजी घेऊन परतणारा कारकून शहरातील नोकरीविषयी क्वचितच अभिमानाने बोले. परंतु मुलांच्या शाळेचा विषय निघाला की त्याच गृहस्थाच्या वाणीस विलक्षण ओज प्राप्त होई. पु. ल. देशपांडे ह्याच शाळेचे विद्यार्थी, हे वाक्य अस्सल पार्लेकर ओळख झाल्यापासून दहा मिनिटांत उच्चारतो (न उच्चारल्यास तो नव्याने राहावयास आलेला समजावा).

ही निष्ठा वंशपरंपरागत आहे. बिऱ्हाड बोरिवलीस हलले तरी नातवाचे नाव पार्ल्यातच दाखल करण्याचा आजोबांचा हट्ट सुटत नाही. आणि लग्नाच्या बैठकीत मानपानाची यादी अर्धवट टाकून मुलीचे मामा व मुलाचे काका ‘तुमची तुकडी कुठली? गणिताला कोण होते?’ ह्या तपासणीत असे गुंततात, की चहा दुसऱ्यांदा गरम करावा लागतो. देण्याघेण्याचा प्रश्न त्यानंतर सहसा कोणी काढीत नाही.