उपग्रह प्रतिमांचे जतन आणि धानावरील किडीचा मागोवा

भिलाईच्या दक्षिणेस तांदुला जलाशयाच्या कालव्यांखाली दुर्ग आणि बालोद जिल्ह्यांतील विस्तीर्ण धानक्षेत्र आहे. जलाशयात साठा पुरेसा असेल त्या वर्षी काही गावांत उन्हाळी धान घेतले जाते. खरिपानंतर बांध्या रिकाम्या राहिल्या तर खोडकिडा आणि तपकिरी तुडतुडे यांचे जीवनचक्र मोठ्या प्रमाणात खंडित होते. उन्हाळी धान उभे असेल तर त्यांना पुढच्या खरिपापर्यंत आश्रय मिळतो. म्हणून एखाद्या गावात तुडतुड्यांचा उपद्रव वाढल्याचे आढळले की कीटकशास्त्रज्ञाचा पहिला प्रश्न असतो, या परिसरात उन्हाळी धान कधीपासून आणि नेमके कोणत्या बाजूस घेतले जाऊ लागले?

कागदोपत्री क्षेत्राची बेरीज मिळते. त्या क्षेत्राचा नकाशा मात्र सहसा मिळत नाही. तो उपग्रहाच्या जुन्या प्रतिमांत मिळू शकतो. मार्चअखेर ते एप्रिल या काळात आकाश बहुधा निरभ्र असते, उतेरा पद्धतीची लाखोडी तोपर्यंत निघालेली असते आणि ओलिताचे हिरवे धान कोरड्या बांध्यांतून स्पष्ट उठून दिसते. खरिपातील चित्र वेगळे आहे. ऐन किडीच्या दिवसांत ढग आड येतात आणि प्रकाशीय प्रतिमांचा फारसा उपयोग होत नाही.

पहिला लँडसॅट उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी आणि भारताचा आयआरएस-१ए १७ मार्च १९८८ रोजी प्रक्षेपित झाला. लँडसॅट-१ च्या प्रतिमेतील एक ठिपका सुमारे ८० मीटरचा, म्हणजे जमिनीवर दीड एकराहून मोठा असे. आयआरएस-१ए च्या लिस-१ संवेदकाचा ठिपका ७२.५ मीटरचा होता. १९९५ च्या आयआरएस-१सी वरील लिस-३ मुळे तो साडेपाच गुंठ्यांवर आला आणि आजच्या सेंटिनेल-२ चा ठिपका तर गुंठाभरच आहे. त्यामुळे सत्तर-ऐंशीच्या दशकांतील प्रतिमांत एकेक बांधी शोधणे व्यर्थ आहे. गावाच्या कोणत्या बाजूचा पट्टा उन्हाळ्यात हिरवा होता, एवढे त्या सांगतात. आपल्या प्रश्नाला तेवढे पुरते.

या प्रतिमा आपोआप टिकलेल्या नाहीत. आरंभीच्या नोंदी चुंबकीय फितींवर होत्या. दमट हवेत फितीवरील लेप चिकट होतो आणि फीत यंत्रातून फिरत नाही. शिवाय ती वाचणारे यंत्रच कालबाह्य होते. लँडसॅटच्या असंख्य प्रतिमा निरनिराळ्या देशांच्या ग्रहण केंद्रांत विखुरल्या होत्या. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने २०१० पासून त्या एका संग्रहात आणण्याचे काम हाती घेतले. त्याआधी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात लँडसॅटचे व्यवस्थापन खासगी कंपनीकडे होते. त्या काळात ग्राहक नसलेल्या प्रदेशांच्या प्रतिमा अनेकदा घेतल्याच गेल्या नाहीत. ही पोकळी आता कोणत्याही उपायाने भरून निघणार नाही. २००८ मध्ये संग्रह विनामूल्य खुला करण्याचा निर्णय झाला आणि मगच शेतीच्या अभ्यासकांना वर्षामागून वर्षाच्या प्रतिमा एकत्र पाहणे परवडू लागले.

फाइल सुरक्षित राहिली म्हणजे जतन पूर्ण झाले, असा समज आहे. माझ्या मते खरा धोका इथेच आहे. अलीकडचे एक उदाहरण पाहू. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषते आणि निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत पाठवते. या दोहोंतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की एनडीव्हीआय हा वनस्पती निर्देशांक मिळतो. समजा, २०२१ मधील सेंटिनेल-२ च्या प्रतिमेत एका बांधीचा तांबड्या पट्ट्यातील आकडा ५०० आणि निकट-अवरक्त पट्ट्यातील ३५०० आहे. निर्देशांक ०.७५ येतो. पुढील वर्षी पीक तंतोतंत तसेच आहे. परंतु २५ जानेवारी २०२२ पासून प्रक्रिया पद्धत बदलली आणि फाइलमधील प्रत्येक आकड्यात १००० मिळवले जाऊ लागले. आता आकडे १५०० आणि ४५०० आहेत. ते हजार वजा न करता गणित केले तर उत्तर ०.५० येते. पीक पाव हिश्शाने नव्हे, एक तृतीयांशाने खालावल्याचा भास होतो आणि शेतात नसलेल्या किडीवर फवारणीचा सल्ला जाऊ शकतो. पुढे जुन्या प्रतिमांवरही नव्या पद्धतीने पुन्हा प्रक्रिया झाली, त्यामुळे २०२१ ची एकच प्रतिमा दोन रूपांत सापडू शकते. प्रक्रिया-आवृत्तीचा क्रमांक पाहिल्याशिवाय तुलना करू नये.

लँडसॅट-७ च्या प्रतिमांतील काळे पट्टे ३१ मे २००३ रोजी झालेल्या यांत्रिक बिघाडाचे आहेत, हेही प्रतिमा स्वतः सांगत नाही. अभिलेख जतनाचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १४७२१, म्हणूनच माहितीइतकाच तिचा अर्थ लावण्यासाठी लागणाऱ्या तपशिलांच्या जतनावर भर देते.

भारतातील सुदूर संवेदनाच्या आरंभीच्या प्रयोगांपैकी एक पीक-रोगावरच होता. १९७० च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळमधील रोगग्रस्त नारळबागांची हवाई अवरक्त छायाचित्रे घेण्यात आली. तो रोग फायटोप्लाझ्मामुळे होतो आणि रस शोषणाऱ्या कीटकांमार्फत पसरतो, हे ज्ञान नंतरचे. जुन्या नोंदीला पुढचा अभ्यासक कोणता प्रश्न विचारील, हे नोंद करणाऱ्याला ठाऊक नसते.

या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा आकाशात नाही, आपल्या कार्यालयांच्या कपाटांत आहे. प्रतिमेतील पिवळा पट्टा तुडतुड्यांनी करपला, करप्याने वाळला की पाण्याअभावी सुकला, हे त्या दिवशी बांधीत उतरलेल्या माणसाची नोंदच सांगू शकते. २००८ मध्ये विदर्भात सोयाबीनवर तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर महाराष्ट्राने क्रॉपसॅप प्रकल्पातून कीड सर्वेक्षणाची नियमित घडी बसवली. अशा नोंदींत ठिकाण आणि तारीख अचूक असेल तर त्या जुन्या प्रतिमांशी जोडता येतात. 'गावाच्या पूर्वेस प्रादुर्भाव मध्यम' या नोंदीचा मात्र दहा वर्षांनी काही उपयोग होत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी सर्वेक्षण करताना बांधीच्या मध्यभागी उभे राहून अक्षांश-रेखांश दशांश स्वरूपात घ्यावेत. बांधावर घेतलेला बिंदू शेजारच्या पिकात पडू शकतो. तारीख, वाण, लावणीचा दिवस, पिकाची अवस्था, पाण्याची स्थिती आणि प्रति चूड तुडतुड्यांची प्रत्यक्ष संख्या लिहावी. तुडतुडे आढळले नाहीत तर शून्य लिहावे, रकाना कोरा सोडू नये. कोऱ्या रकान्याचा अर्थ 'पाहिले नाही' असाही होतो. तक्ता सीएसव्ही या साध्या स्वरूपात ठेवावा आणि त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात. भारतीय उपग्रहांच्या प्रतिमा राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या भूनिधी संकेतस्थळावर शोधता येतात. आपल्या गावाच्या एप्रिलमधील प्रतिमांपासून आरंभ करावा.

प्रगतशील शेतकऱ्यांकडेही जुन्या रोजनिशा असतात. लावणी, फवारणी, कालव्याला पाणी सुटल्याचा दिवस, सारे त्यांत असते. या वह्यांच्या पानांची मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवावीत. काढताना वर्ष आणि शेताचा गट किंवा खसरा क्रमांक लिहिलेले पहिले पान वगळू नये.