भीमाशंकरच्या मंदिरात पोर्तुगीज घंटा कशी आली?

भीमाशंकरला दर्शनाला गेलात तर मंदिरापुढची मोठी घंटा नक्की पाहा. ती पोर्तुगीज चर्चची आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणून ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या. त्यातलीच ही एक.

इथवरची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पण या घंटा ऐकून चर्चला जाणारे सगळे ख्रिस्ती तिथे सारखे होते का? नव्हते.

वसईचाच गोन्सालो गार्सिया घ्या. वडील पोर्तुगीज, आई इथली. जेझुइट पाद्र्यांसोबत तो जपानला गेला, तिथली भाषा शिकला, कित्येक वर्षं त्यांचं काम केलं. पण भारतातले जेझुइट तेव्हा स्थानिक किंवा मिश्र वंशाच्या माणसाला सहसा आपल्या संघात घेत नसत. त्यालाही घेतलं नाही. शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन संघाने त्याला ब्रदर करून घेतलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर मारलं, त्यात तोही होता. १८६२ मध्ये पोपनी त्याला संत घोषित केलं. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो हाच!

आणि जात? धर्म बदलला तरी ती काही गेली नाही. वसईत कुपारी, वाडवळ, कोळी असे ख्रिस्ती समाज वेगळे राहिले, लग्नंही बराच काळ आपापल्यातच. मिस्सा मात्र एकच.

वसई पडल्यावर गोऱ्या पाद्र्यांना निघावं लागलं. उरलेली चर्च मग गोव्याकडच्या देशी पाद्र्यांनी सांभाळली.