नाणेफेक प्रत्येक मुलासाठी वेगळी

समजा, बेल्ह्याच्या आठवडे बाजारात चाळिशीतला एक माणूस झोकांड्या खात चालला आहे. त्याची बोटं, खांदे मधूनच उडतात, चेहरा वेडावाकडा होतो. बघणारे म्हणतील, ‘सकाळीच घेतलेली दिसते.’ पुढे तो चिडखोर होतो, साधे हिशेब चुकू लागतात. मग कोणी करणी म्हणतं, कोणी घराण्याला शाप आहे म्हणतं. ‘याच्या बापाचंही असंच झालं होतं,’ हे वाक्य मात्र आपण नीट ऐकायला हवं.

अशी लक्षणं इतर काही आजारांतही दिसतात. पण ती बापाकडून किंवा आईकडून मुलांत उतरत असतील, तर हंटिंग्टनच्या आजाराचा विचार करावा लागतो. वर्षभरापूर्वीच डॉक्टर झालेल्या जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ साली अमेरिकेत त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांचे वडील आणि आजोबाही त्याच भागात डॉक्टर होते, त्यामुळे एकाच घराण्याच्या अनेक पिढ्यांची माहिती त्यांना मिळाली. एखादी व्यक्ती आजारातून सुटली, की तिच्या मुला-नातवंडांतही तो येत नाही, हे त्यांनी नोंदवलं. मेंडेलचं काम तेव्हा दुर्लक्षितच होतं!

याला कारणीभूत असलेलं जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे. व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठच्या गावांत या आजाराची फार मोठी कुटुंबं आहेत. नॅन्सी वेक्सलर यांनी तिथे वर्षानुवर्षं जाऊन वंशावळी आणि रक्ताचे नमुने गोळा केले. त्यांच्या आईचा मृत्यू याच आजाराने झाला होता. या कामाच्या मदतीने १९८३ मध्ये जनुकाची जागा कळली आणि १९९३ मध्ये जनुक सापडलं.

त्यात बिघाड कोणता? या जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरं लागोपाठ पुन्हा पुन्हा येतात. तोच शब्द वीस-पंचवीस वेळा उतरवून काढताना मुलाची मोजणी चुकावी, तशी इथे पेशीचीही चुकते. सव्वीसपर्यंत पुनरावृत्ती असतील तर काही बिघडत नाही. चाळीस किंवा जास्त असतील तर पूर्ण आयुष्य जगणाऱ्या माणसाला आजार होतोच. लांबलेल्या जनुकावरून लांबलेलं प्रथिन बनतं आणि मेंदूच्या खोल भागातल्या, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरतात.

लक्षणं बहुधा तीस ते पन्नास या वयात सुरू होतात. तोवर मुलं झालेली असतात, म्हणून आजार पुढच्या पिढीत जात राहतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी, फरक नाही.

‘चार मुलं, म्हणजे दोघांना होणार’ हा गैरसमज वर्गात सहज दूर करता येतो. प्रत्येक विद्यार्थी म्हणजे एक कुटुंब. त्याने चार वेळा नाणं उडवायचं. छाप म्हणजे आजार. ४८ विद्यार्थी असतील, तर बरोबर दोन छाप साधारण अठरा जणांनाच मिळतील. तिघांना एकही छाप मिळणार नाही, तर तिघांना चारही छापच मिळतील. मोठ्या भावाला आजार झाला म्हणून धाकटा सुटला असं नाही, आणि अडकला असंही नाही. नाण्याला मागची फेक आठवत नसते.

आजार पूर्ण बरा करणारं औषध नाही. अंगाचे झटके कमी करणारी औषधं आहेत. रक्ततपासणीने आजार होणार का, हे लक्षणांआधीही कळतं. पण ते जाणून घ्यायचं का, हे ज्याने त्याने सज्ञान झाल्यावर, समुपदेशन घेऊन ठरवायचं असतं. म्हणून निरोगी लहान मुलांची अशी तपासणी करत नाहीत. आपल्याला हा आजार असल्याचं वेक्सलर यांनी २०२० साली जाहीर केलं.

अशा घरातलं मूल आपल्या वर्गात असेल, तर त्याच्याकडे भावी रोगी म्हणून पाहू नये. त्याच्या वडिलांना कोणी दारुडा म्हणत असेल, तर तिथे मात्र शिक्षकाने जरूर बोलावं.