'वांशिक साक्षरता': प्रश्न कसा विचारावा?

मुलाखतीची प्रश्नावली तयार करताय? मग आधी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. इंग्लंडमधलं घर, आई गोरी, वडील कॅरिबियन वंशाचे. रंगावरून चिडवलं म्हणून मूल शाळेतून रडत येतं. आई जवळ घेते, म्हणते, "लक्ष देऊ नकोस, सगळी माणसं सारखीच." माया खरी आहे. पण जे घडलं त्याला काय म्हणतात आणि उद्या पुन्हा घडलं तर काय करायचं, हे मुलाला कळलेलं नाही.

इथून संशोधनाचा प्रश्न सुरू होतो. वंशभेद जिच्या वाट्याला लहानपणी आलाच नाही, ती आई मुलाला त्याला तोंड द्यायला कसं शिकवते? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ फ्रान्स विंडान्स ट्वाइन यांनी लेस्टर शहरातल्या अशा कुटुंबांमध्ये अनेक वर्षं क्षेत्रकार्य केलं. 2004 मधला त्यांचा लेख आणि 2010 मधलं 'अ व्हाइट साइड ऑफ ब्लॅक ब्रिटन' हे पुस्तक यांत त्यांनी 'वांशिक साक्षरता' ही संकल्पना मांडली.

म्हणजे काय? वंशभेद ओळखणं हे वाचायला शिकण्यासारखं आहे. ते जन्मतः येत नाही, पण शिकता येतं. ट्वाइन यांना ही साक्षरता तीन गोष्टींत दिसली:

1. घरात वंशभेदाबद्दल उघड बोलणं, मुलांना त्यासाठी शब्द देणं.
2. कृष्णवर्णीय माणसांशी मुलांचं येणं-जाणं राखणं.
3. घरातली पुस्तकं, खेळणी, चित्रं, संगीत विचारपूर्वक निवडणं.

सगळेच पालक हे करतात असं त्या म्हणत नाहीत. शिवाय अभ्यास एका शहराचा आणि गुणात्मक आहे. किती टक्के पालक असं करतात, हे त्यावरून सांगता येणार नाही.

आता आपल्या कामाचं. माझा विषय आंतरजातीय कुटुंबं. पहिल्या प्रश्नावलीत मी विचारलं होतं, "मुलांना समानता शिकवता का?" सगळ्यांनी 'हो' म्हटलं आणि माझ्या हाती काहीच लागलं नाही. मग प्रश्न बदलला: "शाळेत कुणी मुलीला जात विचारली, तर घरी येऊन ती कोणाला सांगते? तुम्ही काय उत्तर देता?" एक आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सांगत नाही हो ती आता."

तुमच्या प्रश्नावलीत नुसत्या 'हो'वर संपणारे प्रश्न किती आहेत? आज तेवढे मोजा.