बेनसाहेबांचे पांच प्रश्न

वतन सोडणें किती जड जातें, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. मुंबई सरकारनें १९५० च्या कायद्यानें कुलकर्णी वतनें नाहींशीं केलीं, तरी त्यांचे कागद कित्येक घरांतील पेट्यांत पुढेंही जपून ठेवलेले होते. कायद्यानें वतन गेलें म्हणून हळहळणारे पुष्कळ. परंतु 'माझें वतन काढून घेणारा कायदा करा' असा हट्ट धरून बसणारा मनुष्य विरळा. असा एक मनुष्य इंग्लंडांत होऊन गेला. त्याचें नांव टोनी बेन.

बेन यांचा जन्म १९२५ चा. त्यांचे वडील १९२९ ते १९३१ या काळांत भारतमंत्री होते, आणि गांधी-आयर्विन करार त्यांच्याच कारकीर्दींत झाला. १९३१ सालीं गोलमेज परिषदेसाठीं गांधीजी लंडनला गेले, तेव्हां लहानग्या टोनीस त्यांची भेट घडली. ही आठवण बेन उतारवयांतही मोठ्या आवडीनें सांगत. पुढें वडिलांना व्हायकाउंट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. थोरले बंधु महायुद्धांत १९४४ सालीं मृत्यु पावले आणि वारसा टोनीकडे आला.

खरी अडचण उभी राहिली ती येथेंच. बेन १९५० पासून ब्रिस्टलच्या एका मतदारसंघाचे प्रतिनिधि होते. नोव्हेंबर १९६० मध्यें वडील वारले. त्या क्षणीं पुत्र सरदार झाला, आणि सरदारास लोकप्रतिनिधींच्या सभागृहांत बसण्याचा अधिकार नव्हता. मे १९६१ मध्यें ते पुन्हां निवडणुकीस उभे राहिले व १३ हजारांहून अधिक मतांनीं विजयी झाले. तरी निवडणूक-न्यायालयानें जागा दिली ती पराभूत प्रतिस्पर्ध्यास! गंमत अशी कीं, ते प्रतिस्पर्धी स्वतः एका सरदारकीचे भावी वारस होते. बेन यांनीं हा लढा सोडला नाहीं. ३१ जुलै १९६३ रोजीं किताब सोडण्यास मुभा देणारा कायदा झाला आणि त्याच दिवशीं त्याचा लाभ घेणारे पहिले गृहस्थ बेनच ठरले. ऑगस्टांत ते सभागृहांत परत आले.

एवढ्यावरून त्यांच्या पुढील मतांचा उगम ध्यानांत येईल. सत्ताधाऱ्यास पांच प्रश्न विचारावेत, असें ते सांगत: तुमच्या हातीं कोणती सत्ता आहे, ती कोठून मिळाली, ती कोणाच्या हितासाठीं वापरतां, तुम्ही कोणास जबाबदार आहां, आणि तुम्हांला दूर कसें करतां येईल? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर मिळत नसेल तर ती लोकशाही नव्हे, हा त्यांचा निष्कर्ष. युरोपीय बाजारसंघास त्यांचा विरोध होता तोही मुख्यतः याच कारणानें. त्या प्रश्नावर लोकांचा प्रत्यक्ष कौल घ्यावा, हा आग्रह त्यांनींच धरला होता; १९७५ सालीं कौल त्यांच्या विरुद्ध गेला, तेव्हां त्यांनीं तो मान्य केला.

आम्हांला त्यांचीं सगळींच मतें पटतात असें नाहीं. १९८१ सालीं मजूर पक्षाच्या उपनेतेपदासाठीं त्यांनीं डेनिस हीली यांच्याशीं झुंज दिली आणि एका टक्क्याहूनही कमी फरकानें ते हरले. आधींच दुभंगलेल्या पक्षाची त्या झुंजीनें अधिकच शकलें झालीं, असें आमचें मत आहे. शिवाय, मंत्री असतांना अणुवीजकेंद्रांचा पुरस्कार करणारे बेन मागाहून त्यांचे कडवे विरोधक झाले. वय वाढतें तसा मनुष्य नेमस्त होतो, असा सर्वसाधारण अनुभव. बेन मात्र वयाबरोबर अधिकाधिक जहाल होत गेले. २००१ सालीं राजकारणास अधिक वेळ देतां यावा म्हणून आपण पार्लमेंट सोडीत आहों, असें त्यांनीं जाहीर केलें तेव्हां लोक हंसले. पण दोनच वर्षांनीं इराकवरील स्वारीच्या विरोधांत अठ्ठ्याहत्तरीकडे झुकलेले हे गृहस्थ व्यासपीठावर उभे होतेच.

राहणी म्हणाल तर मद्यास स्पर्श नाहीं, आहार शाकाहारी, चहा आणि तंबाखूचा पाइप यांचें मात्र विलक्षण वेड. पार्लमेंटच्या तळघरांतील प्रार्थनामंदिराशेजारीं एक झाडू ठेवण्याची खोली आहे. १९११ च्या जनगणनेच्या रात्रीं एमिली डेव्हिसन ही स्त्रीमताधिकारवादिनी तींत लपून बसली होती, अशासाठीं कीं आपला पत्ता 'पार्लमेंट' असा नोंदला जावा. तिच्या स्मरणार्थ त्या खोलींत बेन यांनीं स्वतःच्या हातानें पाटी लाविली. मार्च २०१४ मध्यें बेन वारले, तेव्हां अंत्यविधीच्या आदल्या रात्रीं त्यांची शवपेटी त्याच प्रार्थनामंदिरांत ठेवण्यांत आली होती.

किताबाचें काय झालें, असें वाचक विचारतील. १९६३ च्या कायद्यानें सोडलेला किताब सोडणाऱ्याच्या हयातीपुरताच सुटतो. त्यामुळें तो थोरले चिरंजीव स्टीफन यांच्याकडे गेला. त्यांनीं तो स्वीकारला, आणि २०२१ सालीं ते सरदारांच्या सभागृहांत मजूर पक्षातर्फेच जाऊन बसले.